चिचघाटचा चालू टेलिफोन

चिचघाटात टेलिफोन आला तो बैलबंडीतून. काळा, जड, आणि सासरी निघालेल्या नवरीसारखा गोणपाटात गुंडाळलेला. अण्णाजींच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी त्याला जागा मिळाली. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, अण्णाजींच्या सुनेनं क्रोशाचा रुमाल विणून त्याच्यावर घातला. फक्त तार आली नव्हती. ती मागून येणार होती. हे साल एकोणऐंशी. त्र्याऐंशी उजाडलं तरी तार मागूनच येत होती.

म्हणजे खात्यानं काहीच केलं नाही असं नाही. (खात्याचं नाव सांगत नाही; उगाच त्याला लाज वाटायची, आणि त्याला तशी सवय नाही.) हिंगणीपासून चिचघाट सहा मैल, जंगलाच्या कडेला. हिंगणीकडून खांब निघाले, चौदा खांब नाल्यापर्यंत आले, आणि पलीकडं जायला जंगलाची परवानगी लागते असं कळल्यावर तिथंच उभे राहिले. नाल्यावर धुणं धुणाऱ्या बाया त्यांच्यात दोऱ्या बांधून लुगडी वाळत घालायच्या.

हा टेलिफोन गावानं हौसेनं मागितलेला नव्हता. शहात्तरच्या श्रावणात तानबाची बायको देवकाबाई अडली. नाल्याला पूर. तानबानं आणि तिघांनी तिला खाटेवर घालून, लांबच्या वाटेनं, चिखलातून हिंगणीला नेलं. हिंगणीत फोन होता. तिथून सेवाग्रामच्या दवाखान्यात फोन लागला, गाडीही लगेच निघाली. पण फोनपर्यंत पोचायलाच पाच तास गेले होते. देवकाबाई वाचली. पोरगा नाही वाचला.

पुढं दिल्लीच्या वरच्या सभागृहातले एक सदस्य सेवाग्रामला कशाच्या तरी कार्यक्रमाला आले, तेव्हा अण्णाजींनी तानबाच्या अंगठ्याचा अर्ज त्यांच्या हातात दिला. गावाला वाटलं, गेला अर्ज. पण तो माणूस वेगळाच निघाला. त्यानं सभागृहात प्रश्न विचारला, आणि मंत्र्यांनी उभं राहून सांगितलं, ‘चिचघाट येथे एक वर्षाच्या आत दूरध्वनी देण्यात येईल.’

आता मंत्री बोलले की ते हवेत जातं, असं आपण समजतो. तसं नाही. वरच्या सभागृहात एक समितीच आहे, तिचं काम एवढंच की मंत्री कधी काय ‘करू’ म्हणाले ते टिपून ठेवायचं आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागं लागायचं. तिचं नाव आश्वासन समिती. चिचघाट या समितीच्या यादीत लागलं, आणि यादीत लागलेली गोष्ट तिथून दोनच प्रकारे निघते: एक तर काम झालं म्हणून, नाही तर काम झालं असं कुणीतरी लिहिलं म्हणून.

इथं आपला रूपराव येतो.

रूपराव चिचघाटचाच. गावातला पहिला मॅट्रिक, आणि त्याच खात्याच्या सेलूच्या कचेरीत कनिष्ठ लिपिक. सरकारी नोकरीतला गावचा एकुलता एक माणूस. खाटेला खांदा देणाऱ्या चौघांत तोही होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा. म्हणजे टेलिफोन कशाला हवा हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच पुढचं सांगताना जरा जड जातं.

ऐंशी साली दिल्लीहून छापील कागद आला. ‘आश्वासनाची पूर्तता झाली काय?’ पुढं दोन रकाने. रूपराव कागद घेऊन साहेबांकडं गेला. साहेब म्हणजे लक्ष्मणराव, पान खाऊन विचार करणारे.

“हे बघ रूपराव,” ते म्हणाले, “‘नाही’ लिहिलंस तर खाली कारण लिहायचा रकाना आहे. केवढा मोठा आहे?”

“अर्धं पान आहे साहेब.”

“आणि ‘होय’खाली?”

“फक्त तारीख.”

“मग?” साहेबांनी विचारलं, आणि पिंक टाकायला खिडकीकडं गेले.

रूपरावनं स्वतःची समजूत घातली की फोन तर आलाच आहे, खांब नाल्यापर्यंत पोचलेत, दिल्लीला कागद पोचेपर्यंत तारही पोचेल. त्यानं ‘होय’ लिहिलं. तारीख हवी होती म्हणून २ ऑक्टोबर टाकली. वर्धा जिल्ह्यात ही तारीख कुणी तपासत नाही.

तीन वर्षं त्या ‘होय’नं कुणाला त्रास दिला नाही. रूपराव रविवारी गावात यायचा, अण्णाजींच्या दुकानात बसायचा, फोनकडं पाठ करून.

मग जानेवारीत पत्र आलं. आश्वासन समिती दौऱ्यावर निघाली होती. पुलगाव, वर्धा, सेवाग्राम. आणि ‘पूर्ण झालेल्या आश्वासनांपैकी नमुना म्हणून एक प्रत्यक्ष पाहणी’. साऱ्या भारतातून नमुना निघाला तो चिचघाटचा. मूळ अर्जदार तानबा यास साक्षीसाठी हजर ठेवावे.

पत्र वाचून लक्ष्मणरावांची कंबर धरली. डॉक्टरचा दाखलाही तासाभरात आला. पण जाण्याआधी त्यांनी उपाय सांगून ठेवला, नाही असं नाही. खात्याच्या दोन माणसांनी चिचघाटला येऊन टेलिफोनला तार जोडली, ती दुकानाच्या खिडकीतून बाहेर काढली, आणि समोरच्या कडुनिंबात नेऊन सोडली. कडुनिंबाच्या पुढं तार कुठं जाते हे बघायला समितीला सवड नसते, असं साहेबांचं मत होतं.

सारं गाव खाली उभं राहून वर बघत होतं.

“काऊन बे रूपराव,” म्हाताऱ्या नत्थूजींनी विचारलं, “आता झाडासंगं बोलाचं काय?”

“माकडं उचलतीन फोन,” कुणीतरी म्हणालं. “हॅलो, कोन हाय? वान्नेर बोलून राह्यलो.”

गाव हसलं. रूपरावही हसला, आणि हसता हसता त्याला वाटलं की आता जमीन जरा बाजूला झाली तर बरं होईल. त्यानं तिथंच सगळं सांगून टाकलं. कागदावर ‘होय’ मी लिहिलं. खोटं निघालं तर नोकरी जाईल.

हसणं थांबलं. अण्णाजी दुकानाच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

“पोट्टं आपल्या गावचं हाय,” ते शेवटी म्हणाले. “इतक्या वर्सात एक तं नोकरीवाला झाला. पाहुन्याइच्या समोर आपन आपल्याच पोट्ट्याले उघडं पाडाचं? असं नाई होत बाप्पा.”

“नाई होत,” नत्थूजी म्हणाले.

मग साऱ्यांनी तानबाकडं पाहिलं. तानबा दुकानाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं रूपरावकडं पाहिलं आणि मान हलवली.

रूपरावनं ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्याच्या हातात कुणीतरी चहाची बशी दिली, आणि उघडलेल्या तोंडानं त्यानं चहा प्याला.

समिती आली ती तीन जीपगाड्यांतून, सकाळी अकराला. सात सदस्य, दोन अधिकारी आणि एक लघुलेखक. लघुलेखक बारीक अंगाचा, कानावर मफलर. जो शब्द कानावर पडेल तो वहीत उतरवणं एवढंच त्याचं काम, आणि तो ते जीपमधून उतरायच्या आधीपासून करत होता. अध्यक्ष होते सत्तरीचे, परप्रांतातले, पांढऱ्याशुभ्र मिशांचे. सुताच्या हारांनी त्यांची मान इतकी भरली की त्यांना खाली बघता येईना. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी. अशा अवस्थेत त्यांना टेलिफोनपुढं उभं करण्यात आलं.

अण्णाजींनी रुमाल काढला. अध्यक्षांनी नारळ रूपरावकडं दिला आणि रिसीव्हर कानाला लावला.

दुकानात गर्दी, दुकानाबाहेर गर्दी, आणि आवाज कुठंही नाही. रिसीव्हरमध्ये तर नाहीच. अध्यक्ष ऐकत राहिले. रूपराव हातभर अंतरावर होता. त्याला दिसलं की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आधी आश्चर्य आलं, मग उमज आली, मग त्यांची नजर खिडकीतून तारेमागं कडुनिंबात गेली आणि परत आली. मागं सहा सदस्य उत्सुकतेनं उभे. पुढं गाव हात जोडून उभं. गळ्यात अठरा हार.

“हॅलो,” अध्यक्ष म्हणाले.

गावानं श्वास रोखला.

“हां… हां जी. मैं समिति से बोल रहा हूँ… अच्छा. वहाँ सब ठीक?… बहुत अच्छा. बहुत अच्छा.”

त्यांनी रिसीव्हर अलगद ठेवला. “आवाज़ साफ़ है,” ते कुणाकडंही न बघता म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. एका सदस्यानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. गावाला तर कळेचना. नत्थूजींनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, “मंग लागते का रे हा? आपन उगाच इतके दिस उचलला नाई?”

रूपरावला तेव्हा बोलता आलं असतं. त्यानंतरही दोनदा बोलता आलं असतं. तो नारळ धरून उभा राहिला.

“तानबाजी कौन हैं?”

तानबा पुढं आला. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवा शेला. अध्यक्षांनी त्याला खुर्ची द्यायला लावली. तो बसला नाही.

“टेलिफोन चलता है?”

तानबानं रूपरावकडं पाहिलं. “हाव जी. चालते.”

“किसको लगाते हैं आप?”

“सेवाग्रामले. दवाखान्यात.”

“गाड़ी आती है?”

“येते जी,” तानबा म्हणाला. “टायमावर येते.”

बायांच्या घोळक्यात मागं देवकाबाई बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि घराकडं चालती झाली. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. रूपरावनं पाहिलं.

लघुलेखकानं सगळं उतरवून घेतलं. जीपगाड्या गेल्या. कंबर बरी होऊन परत आलेल्या लक्ष्मणरावांनी कचेरीत रूपरावच्या पाठीवर थाप मारली आणि चौघांसमोर म्हणाले, “समिती खूश आहे म्हणे. अध्यक्ष स्वतः बोलले फोनवर!” आणि मग जरा विचार करून, आवाज उतरवून, “कुणाशी रे?”

पुढं दोन महिने रूपराव गावाकडं गेलाच नाही. रविवारी कपडे धुवायचे असतात, असं तो स्वतःला सांगायचा. त्याच्याकडं कपडे होते दोन जोड. पण होळीला जावंच लागलं, आणि धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तानबा त्याच्या दारात उभा राहिला. हातात लांबोडं सरकारी पाकीट.

“दिल्लीहून आलं,” तानबा म्हणाला. “रजिस्टर. पोस्टमननं रंगाचे हात धुवाले लावून मंग अंगठा घेतला माया. वाच बरं काय म्हंते ते.”

रूपरावनं वाचलं. वरच्या सभागृहाची रीत अशी की साक्षीदार जे बोलला ते शब्दाशब्दानं टाइप करून त्याच्याकडंच परत पाठवायचं. उतरवण्यात चूक असेल तर दुरुस्त करून, सही किंवा अंगठा करून, पंधरा दिवसांत धाडा. मोठी सभ्य रीत आहे. माणूस काय बोलला हे त्याला घरपोच आणून दाखवतात.

“वाच ना,” तानबा ओसरीवर टेकत म्हणाला. “सारं वाच.”

हिंदीत होतं, रूपराव मधेमधे मराठी करत गेला. आधी गावाचं नाव, तारीख, हजर सदस्य. मग:

‘अध्यक्ष: हॅलो. हां. हां जी. मैं समिति से बोल रहा हूँ. (पलीकडील उत्तर ऐकू आले नाही.) अच्छा. वहाँ सब ठीक? (पलीकडील उत्तर ऐकू आले नाही.) बहुत अच्छा. बहुत अच्छा. (पलीकडील उत्तर ऐकू आले नाही.)’

रूपरावला हसू आलं नाही. त्याला तो मफलरवाला आठवला. तीन जीपगाड्या भरून माणसं आली होती, दीडशे माणसांचं गाव गोळा झालं होतं, आणि खरं ते एकट्यानं, काही न बोलता, कंसात लिहून ठेवलं होतं.

“मायं वाच,” तानबा म्हणाला.

‘श्री. तानबाजी: हां जी. चलता है.’

‘श्री. तानबाजी: सेवाग्राम को. दवाखाने में.’

‘श्री. तानबाजी: आती है जी. टाइम पर आती है.’

तानबा शेल्याच्या टोकाशी खेळत राहिला. “लिवलं तं बरोबर हाय लेकाच्यानं,” तो म्हणाला. “एक बी शब्द सोडला नाई.” मग थोड्या वेळानं, “रूपराव, दुरुस्त करता येते म्हंते ना याच्यात?”

“काऊन काका?”

“देवका मायाशी बोलत नाई. त्या दिवसापासून.” तानबाचा आवाज साधा होता, बैलाचं दुखणं सांगावं तसा. “जेवाले वाढते. बोलत नाई. एकच डाव बोलली. म्हने, गाडी टायमावर येते म्हनता तं मंग मले खाटेवर नेलं ते काय होतं? पोरगं गेलं ते बी खोटं होतं का?”

रूपरावनं पत्राचा खालचा भाग पुन्हा वाचला. त्याला तो वाचायची गरज नव्हती. असल्या कागदांची भाषा त्याची रोजची. ‘साक्षीच्या आशयात बदल करता येणार नाही.’

“नाई करता येत काका,” तो म्हणाला. “लिहिण्यात चूक असली तरच. आपण बोललो ते बदलता येत नाई. नियम आहे.”

हे खरं होतं. गेल्या तीन वर्षांत या टेलिफोनबद्दल रूपराव बोललेलं हे पहिलं खरं वाक्य, आणि ते बोलताना त्याला किती हलकं वाटलं! नियम आहे. आपण काय करणार?

तानबा उठला. “बरं,” तो म्हणाला. “बरंच झालं म्हना. बदललं असतं तं तुई नोकरी गेली असती. मले ते नाई सुचलं, बाप्पा. इकडं आन, अंगठा कोठी लावाचा ते दाखव.”

आणि त्यानं अंगठा पुढं केला.

रूपरावनं त्या अंगठ्याकडं पाहिलं. गाव हसलं तेव्हा लाज वाटली होती, अध्यक्षांचे कान लाल झाले तेव्हा वाटली होती. पण त्या लाजा त्यानं दोन महिने कपड्यांबरोबर धुतल्या होत्या. हा अंगठा धुण्यातला नव्हता. खाटेचा मागचा पाय त्या दिवशी याच हातानं धरला होता; पुढचा रूपरावच्या खांद्यावर होता. चिखलात रूपराव दोनदा घसरला, तेव्हा मागून आवाज आला होता, ‘दमानं चाल लेकरा, तुले लागन.’

“थांबा काका,” तो म्हणाला.

तो आतून दौत आणि टाक घेऊन आला. साक्षीला हात लावायचा नियम नव्हता; साक्षीच्या खाली मात्र चार बोटं कोरी जागा होती, आणि तिच्याबद्दल नियमात काही नव्हतं. त्यानं तिथं मराठीत लिहिलं. लिहिताना दोनदा शाई सांडली.

“काय लिवून राह्यला?”

रूपरावनं वाचून दाखवलं. “‘साक्षीदाराने वरील उत्तरे मला वाचवण्यासाठी दिली. त्यात त्याचा दोष नाही. चिचघाटचा दूरध्वनी एकही दिवस चाललेला नाही. त्याची तार समोरच्या कडुनिंबात संपते. सन १९८०च्या अहवालात पूर्तता झाली असे मी लिहिले, ते खोटे होते. तारीखही मी मनाने टाकली. शहात्तर साली सौ. देवकाबाई यांना खाटेवरून न्यावे लागले व त्यांचे मूल दगावले, हे खरे आहे. खाटेला मी स्वतः होतो.’”

तानबा बोटावर बोट घासत राहिला. मग म्हणाला, “सई केली?”

“केली.”

“हुद्दा लिवला?”

“लिहिला. कनिष्ठ लिपिक.”

“लिवाले नको होता. किती दिस राह्यते आता तो.” आणि त्यानं रूपरावच्या दंडाला धरलं. “चाल.”

“कुठं?”

“माया घरी. मी सांगतलं तं आयकनार नाई ते. तू वाच.”

रूपरावला पाकीट थेट पेटीत टाकायचं होतं. दिल्ली सातशे मैल लांब होती, तिथं काहीही कबूल करता येतं. तानबाचं घर होतं चौथं.

देवकाबाई अंगणात बसून सुपात तूर निवडत होती. दोघांना बघून तिनं पदर ओढला, पण हात थांबवला नाही. तानबा दूर, गोठ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथून त्यानं मानेनं खुणावलं.

रूपरावनं वाचलं. एका दमात, मान खाली घालून, कचेरीत सूचना वाचतात तसं. ‘खाटेला मी स्वतः होतो’ एवढं मात्र पुटपुटला.

सुपातले खडे एका बाजूला झाले होते. देवकाबाईनं ते उचलून बाहेर टाकले.

“आखरीचं काय म्हनलं?”

“‘खाटेला मी स्वतः होतो.’”

“ते नाई. त्याच्या आंदीचं.”

त्यानं पुन्हा वाचलं. तिचं नाव, शहात्तर साल, खाट, मूल.

“कागदावर लिवलं हाय असं?”

“हो काकू.”

“दिल्लीले जाते हे?”

“आजच टाकतो पेटीत.”

तिनं सूप खाली ठेवलं. डोळे पुसले की नाही, पदरामुळं कळलं नाही. मग शेजारच्या कुडाकडं मान वळवून तिनं हाक मारली, “ओ यशोदाबाई! या बरं इकडं जरासक!” तिकडून म्हातारी यशोदाबाई काठी टेकत निघाली, आणि तिच्यामागं, हाक कशाची म्हणून, आणखी दोघीतिघी. एकीच्या कडेवर पोर, एकीच्या हातात शेणाची पाटी.

“वाच,” देवकाबाई म्हणाली. “पह्यल्यापासून वाच. ‘मी खोटं लिवलं’ तेथून.”

रूपरावनं कागद सरळ केला. पाटीवाली पाटी खाली ठेवून ऐकायला उभी राहिली. त्यानं सुरुवात केली.

“जोरानं,” देवकाबाई म्हणाली. “यशोदाबाईले आयकू येत नाई.”